पाच लिटरचा मिनी केग पुन्हा वापरायचा? आधी हे ऐका

आजचा भाग डब्याबद्दल आहे. डबा म्हणजे जेवणाचा नाही, बिअरचा.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली बरीच मुलं-मुली मला एकच प्रश्न विचारतात. "दादा, इथे पाच लिटरचे बिअरचे डबे मिळतात ना, पार्टीनंतर ते रिकामे पडून असतात. त्यात घरी बनवलेली बिअर भरता येते का?" उत्तर आहे हो, येते. पण मी हे उत्तर दोन वाक्यांत देत नाही, कारण एका डिसेंबरमध्ये याच डब्यांपायी माझ्या रूममेटला इजा होता होता राहिली. ती गोष्टही सांगतो आणि डबा नीट कसा वापरायचा तेही सांगतो.

त्याआधी कायद्याचं बोलून घेऊ. मी एर्लांगनमधून बोलतोय. न्यूरेंबर्गच्या शेजारचं हे शहर. जर्मनीत घरी, स्वतःसाठी बिअर बनवता येते. १ जानेवारी २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत कर लागत नाही, आधी ही मर्यादा २०० लिटर होती. मात्र सुरू करण्यापूर्वी कस्टम्स ऑफिसला कळवावं लागतं आणि ती बिअर विकता येत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. तिथे परवान्याशिवाय दारू किंवा बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती घरच्या घरी पिण्यापुरती का असेना. त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून ऐकत असाल तर माहिती म्हणून ऐका, हात घालू नका. आणि पिण्याचं कायदेशीर वय झालं नसेल तर तेही नको.

आता डबा म्हणजे नेमका कोणता? तो पत्र्याचा गोल पिंपासारखा डबा असतो. वरच्या बाजूला मधोमध रबरी बूच आणि खाली ओढून बाहेर काढायची प्लॅस्टिकची तोटी. वरचं बूच सैल केलं की हवा आत जाते आणि खालच्या तोटीतून बिअर ग्लासात येते. मशीन नको, गॅस सिलिंडर नको. आमच्या या फ्रँकोनिया भागात गावागावात छोट्या ब्रुअरीज आहेत आणि असे डबे सगळीकडे दिसतात.

इथे एक गंमत आहे. जर्मनीत बाटली-कॅन परत केलं की २५ सेंट डिपॉझिट मिळतं, हे तुम्हाला माहीत असेल. पण एकदाच वापरायच्या डब्या-बाटल्यांवरचं हे डिपॉझिट ३ लिटरपर्यंतच लागू आहे. पाच लिटरचा डबा त्यात बसत नाही. म्हणजे तो परत करून काही मिळत नाही, तो सरळ पॅकिंगच्या कचऱ्यात जातो. आणि आपण कोण? आपल्या आजीने डालड्याच्या डब्यात तुळस लावली, तेलाच्या डब्यात ज्वारी ठेवली. चांगला डबा टाकायचा म्हणजे आपल्या जिवावर येतं. मलाही तसंच झालं. एका वाढदिवसाच्या पार्टीनंतर मी तीन रिकामे डबे उचलून घरी आणले.

(मोठे स्टीलचे ३० किंवा ५० लिटरचे केग यात धरू नका. ते ब्रुअरीच्या मालकीचे असतात, त्यांच्यावर डिपॉझिट असतं, ते परत करायचे. कुठे बेवारस दिसला म्हणून कापून पातेलं करायचं नाही.)

तर आता ती डिसेंबरची गोष्ट.

माझा एक मित्र न्यूरेंबर्गमध्ये राहायचा. सहा वर्षांनी तो कायमचा पुण्याला परत निघाला होता. त्याच्या निरोपाच्या पार्टीला घरची बिअर न्यायची असं मी ठरवलं. नोव्हेंबरच्या शेवटी २० लिटरची एक पेल एल बनवली. माल्ट, हॉप्स, यीस्ट, पाणी, सगळं नेहमीसारखं. आंबायला बादली तळघरात ठेवली. तळघर होतं १३-१४ अंशांवर. एलच्या यीस्टला हे जरा थंडच, त्याला साधारण २० अंश आवडतात. आपल्याकडे थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, तसंच.

नवव्या दिवशी हायड्रोमीटर टाकला. हायड्रोमीटर म्हणजे द्रवात किती साखर उरली आहे याचा अंदाज देणारी काचेची नळी. आकडा आला १.०१४. दुसऱ्या दिवशी पुन्हा १.०१४. मी म्हटलं, आकडा हलत नाही म्हणजे आंबणं संपलं. प्रत्यक्षात ते संपलं नव्हतं. यीस्ट थंडीने झोपलं होतं.

पार्टीची तारीख जवळ आली होती. मी तीन डबे धुतले, भरले, प्रत्येकात ३५ ग्रॅम साखर घातली आणि बूच लावलं. ही साखर का? डबा बंद झाल्यावर यीस्ट ती खातं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि बिअरला फेस येतो. ३५ ग्रॅम हे प्रमाण मी काचेच्या बाटल्यांसाठी वापरायचो तेच, लिटरला ७ ग्रॅम. डबा आणि बाटली यांत फरक आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मग यीस्टला ऊब मिळावी म्हणून तिन्ही डबे किचनमध्ये हिटरच्या शेजारी ठेवले.

नऊ दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, एक डबा सॅकमध्ये घातला आणि ट्रेन पकडली. डब्यात बसायला जागा नव्हती. एका आजींनी मला सरकून जागा दिली. सॅक माझ्या मांडीवर आणि तिच्या वरच्या टोकापासून आजींचा चेहरा हातभर लांब. हे मला त्या वेळी जाणवलं नाही. नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

मित्राकडे पोचलो, डबा टेबलावर ठेवला आणि तो डुलायला लागला. या डब्याचा तळ आतल्या बाजूला दबलेला असतो, म्हणून तो कडेवर नीट उभा राहतो. माझ्या डब्याचा तळ बाहेर आला होता. सगळे हसले. कोणीतरी व्हिडिओ काढायला लागलं. तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक जर्मन मुलगा पुढे आला. तोही घरी बिअर बनवणारा. त्याने डब्याला हात लावून पाहिलं आणि सगळ्यांना किचनबाहेर काढलं. जाड रजईत डबा गुंडाळून, बूच भिंतीकडे करून त्याने तो बाल्कनीत नेऊन ठेवला. बाहेर शून्याच्या आसपास तापमान होतं. मग मला विचारलं, "असे किती आहेत?"

मी म्हटलं, "अजून दोन. घरी. हिटरजवळ."

तो काही बोलला नाही. फक्त माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

मी रूममेटला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"घरीच. खिचडी टाकलीये."

"किचनमध्ये आहेस?"

"नाही रे, खोलीत. शिट्ट्या मोजतोय. दोन झाल्या."

"ऐक, ते हिटरजवळचे डबे आहेत ना, ते फुटू शकतात. किचनमध्ये जाऊ नकोस."

"अरे, पण कुकर चालू आहे!"

आता करायचं काय? शेगडी बंद करायला आत जायला हवं आणि आत जायचं नाही. शेवटी आठवलं की फ्यूजचा बोर्ड बाहेर पॅसेजमध्ये आहे. त्याने किचनचे फ्यूज पाडले, शेगडी इलेक्ट्रिक होती ती बंद झाली. किचनचं दार त्याने ओढून घेतलं आणि मला सांगत होता, "झालं बघ, बंद केलं." तेवढ्यात मला फोनवर आवाज आला. फटाक्यासारखा नाही, जड काहीतरी आपटल्यासारखा. मग दोघंही गप्प.

एका डब्याचं बूच उडालं होतं. ते छताला लागून शेगडीच्या अलीकडे पडलं होतं. छताच्या प्लॅस्टरला खड्डा पडला आणि पाच लिटर बिअर भिंतीवर, मसाल्याच्या डब्यांवर, सगळीकडे. मी परत आलो, सायकलचं हेल्मेट आणि जाड जॅकेट घालून आत गेलो, उरलेल्या डब्यावर रजई टाकली, हिटर बंद केला, खिडकी सताड उघडली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबा गार झाल्यावर हळूहळू त्यातला गॅस सोडला.

रूममेट रात्री काही बोलला नाही. सकाळी आम्ही दोघं भिंत पुसत होतो तेव्हा म्हणाला, "डबा फुटला त्याचं काही नाही. पण नऊ दिवस मी त्याच्या शेजारी उभा राहून चहा करतोय आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस, त्यात काय चाललंय."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता बघूया, चुकलं कुठे. थोडा हिशोब आहे, पण सोपा आहे.

थंड तळघरातल्या बिअरमध्ये आंबतानाच लिटरमागे साधारण २ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. वरून घातलेल्या साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मा वायू तयार होतो, म्हणजे लिटरला ७ ग्रॅम साखरेतून अंदाजे साडेतीन ग्रॅम. इथपर्यंत साडेपाच झाले. बाटलीसाठी हे चालतं. पण माझी बिअर १.०१४ वर थांबलेली नव्हती, ती पुढे १.०१० पर्यंत गेली. हायड्रोमीटरचा आकडा ०.००१ ने उतरला की लिटरमागे साधारण १ ग्रॅम वायू बनतो. चार अंक म्हणजे आणखी ४ ग्रॅम. एकूण साडेनऊ!

२० अंशांना एवढा वायू बंद डब्यात कोंडला, तर दाब ४ बारच्या वर जातो. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी साधारण १ बारला होते. म्हणजे कुकरच्या चौपट दाब, तोही पातळ पत्र्यात, आणि त्या डब्याला ना शिट्टी ना सेफ्टी व्हॉल्व. त्या रात्री माझा रूममेट कुकरच्या शिट्ट्या मोजत होता. खरा धोका शेजारच्या डब्यात होता आणि तो काही आवाज करत नव्हता.

तळघराचं महत्त्व मला तेव्हा कळलं. एर्लांगनमध्ये १७५५ पासून दरवर्षी बर्गकिर्शवाइ नावाची मोठी बिअरची जत्रा भरते. ती ज्या टेकडीवर भरते, तिच्या पोटात दगडात खोदलेली जुनी तळघरं आहेत. फ्रीज नव्हता तेव्हा बिअर तिथे ठेवायचे. गार बिअर वायू धरून ठेवते, गरम बिअर तो बाहेर सोडते. सोड्याची बाटली उन्हात ठेवून उघडली की काय होतं, तेच.

चला, आता कामाचं. तुम्ही जिथे हे कायदेशीर आहे तिथे राहत असाल आणि डबा पुन्हा वापरणार असाल तर हे क्रमाने करा.

पहिलं, डबा निवडा. खाली तोटी आणि वर रबरी बूच असलेला साधा डबाच घ्या. काही डब्यांत आतच गॅसची छोटी कुपी बसवलेली असते. त्यांच्या नादी लागू नका, ते उघडायचे नसतात. पोचा पडलेला, कड वाकलेली किंवा तळ फुगलेला डबा नको.

दुसरं, उघडण्याआधी उरलेला गॅस पूर्ण सोडा. तोटी आणि वरचं बूच दोन्हीकडून. मग बूच सावकाश उचकटून काढा. भोकाची कड वाकली तर नवीन बूच घट्ट बसणार नाही. बूच नवीनच लावायचं, होमब्रूच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

तिसरं, आत मोबाइलचा टॉर्च मारून बघा. पत्र्याला आतून लाखेसारखा एक पातळ थर असतो. तो आहे तोवर बिअर पत्र्याला लागत नाही. तो खरवडला की गंज येतो आणि बिअरला लोखंडाची चव लागते. एक जरी तपकिरी डाग दिसला तरी डबा बाद. याच कारणाने तारेचा ब्रश आत घालायचा नाही, आणि खडे घालून खळखळवायचं तर मुळीच नाही.

चौथं, धुणं. पार्टी संपली की त्याच रात्री पाण्याने विसळा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर बिअर आत वाळते. मग गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून भिजवा आणि भरपूर पाण्याने धुवा. क्लोरीनवालं ब्लीच वापरू नका, ते धातूला खातं. सगळ्यात घाण जागा म्हणजे खालची तोटी. तिच्यातूनही ते गरम पाणी वाहू द्या. मग डबा उलटा ठेवून कोरडा करा. भरायच्या आधी खाद्यपदार्थांसाठी चालणारं सॅनिटायझर वापरा.

पाचवं, गळती तपासा. डबा पाण्याने भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर तो डबा बिअरसाठी नाही.

सहावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. आंबणं खरंच संपलंय का ते बघा. नुसते दोन दिवस सारखे आकडे पुरत नाहीत. बादली दोन-तीन दिवस २० अंशांच्या खोलीत आणा आणि मग मोजा. इथले जुने लोक आणखी एक युक्ती करतात. पहिल्याच दिवशी थोडा वॉर्ट वेगळ्या बरणीत काढायचा, त्यात जास्तीचं यीस्ट घालून उबदार जागी ठेवायचं. ती बरणी दोन-तीन दिवसांत आंबून मोकळी होते आणि तुमची बिअर शेवटी कोणत्या आकड्याला थांबणार ते आधीच सांगते. मी ही बरणी ठेवली असती तर १.०१० दिसलं असतं आणि आज हा भाग झालाच नसता.

सातवं, साखर. पाच लिटरला मी आता १५ ग्रॅमच घालतो, वजनकाट्यावर मोजून, चमच्याने नाही. फेस थोडा कमी येतो, येऊ दे. डबा काठोकाठ भरू नका, वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. द्रव तापला की पसरतो, त्याला जागा लागते.

आठवं, साक्षीदार बाटली. त्याच बिअरची, त्याच प्रमाणात साखर घातलेली एक सोड्याची प्लॅस्टिकची बाटली भरून डब्यांशेजारी ठेवा. डब्याच्या आत काय चाललंय ते हाताला कळत नाही, पण बाटली दाबून कळतं. ती नव्या सोड्याच्या बाटलीसारखी टणक झाली की डबे थंड जागी हलवा. दगडासारखी झाली असेल तर लगेच हलवा.

आठवडा-दोन आठवडे खोलीत, मग आठवडाभर तरी थंडीत, आणि प्यायच्या आधी पूर्ण एक दिवस फ्रीजमध्ये. उघडताना आधी वरून गॅस सोडा, मग तोटी ओढा. एकदा हवा आत गेली की ती बिअर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची. त्यामुळे माणसं मोजून डबा उघडा.

आणि समजा डबा फुगलेला दिसलाच, तर? तोंड त्याच्यावर नेऊ नका. कोणाला जवळ येऊ देऊ नका. हिटर बंद, खिडकी उघडी, वर जाड रजई. पूर्ण गार झाल्यावर, एका बाजूला उभं राहून, टॉवेल धरून हळूहळू गॅस सोडा. ट्रेनमध्ये तर मुळीच नेऊ नका. फुगलेला डबा नंतर कितीही चांगला दिसला तरी त्यात पुन्हा बिअर भरायची नाही. बाल्कनीतला तो डबा माझ्या मित्राने रिकामा करून, धुऊन पुण्याला नेला. वरचं झाकण कापून त्यात गवती चहा लावलाय. डालड्याच्या डब्याचं काम तोही करू शकतो, त्याला दाब सोसावा लागत नाही.

शेवटचं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. डब्यावर चिकटपट्टी लावा. त्यावर भरल्याची तारीख, आकडा, साखर किती, आणि "हात लावण्याआधी मला विचार" एवढं लिहा. घरात जो कोणी राहतो त्याला दाखवा. छंद आपला असतो, पण किचन सगळ्यांचं असतं.

आमच्या घरी अजूनही डबे भरले जातात, पण तळघरात. चिकटपट्टी माझा रूममेट लिहितो. आणि तो बाटली दाबून बघितल्याशिवाय मला डबा उचलू देत नाही.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. ज्याच्या घरी असा डबा हिटरजवळ ठेवलेला असेल त्याला हा भाग आजच पाठवा, उद्या नको. काळजी घ्या, भेटूया पुढच्या भागात!